पाळा, नाहीतर कारण सांगा

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. ऑगस्ट २०२२ पासून ते भोंग्यासाठी प्रसिद्ध झालं. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजायचा, घराघरांतले टीव्ही बंद व्हायचे, मोबाईल बाजूला पडायचे आणि पोरं वह्या-पुस्तकं उघडून बसायची. साडेआठला भोंगा पुन्हा वाजला की सुटका. टाळेबंदीत शाळा मोबाईलवर आली होती. शाळा उघडली तरी मोबाईल पोरांच्या हातातून सुटेना. मग महिलांच्या ग्रामसभेत हा विषय निघाला आणि ठराव झाला. सुरुवातीला अंगणवाडी सेविका, आशाताई, शिक्षक, ग्रामपंचायतीचे कर्मचारी घरोघर फिरून सांगत होते.

अशी बातमी वाचली की वकिलाला आधी कलम आठवतं. ग्रामपंचायत पाणीपट्टी लावू शकते, दिवाबत्ती करू शकते. पण माझ्या घरातला टीव्ही दीड तास बंद ठेवायचा अधिकार तिला कोणत्या कायद्याने दिला? कोणत्याच नाही. उद्या कुणी भर सातला आवाज मोठा करून क्रिकेटचा सामना लावला, तर सरपंचांच्या हातात त्याच्याविरुद्ध काहीही नाही. त्या पट्ट्यातल्या एक मावशी जमिनीच्या वाटणीच्या दाव्यासाठी सांगलीतल्या विजयनगरच्या कोर्टात माझ्याकडे येतात. त्यांना मी विचारलं, "दंड किती ठेवलाय हो?" त्या हसल्या. "दंड कशाला वकीलबाई? शेजारीण दारातनं विचारती, का गं, आज तुमच्यात चालूच हाय? मग काय सांगायचं तिला?"

बंधन नसलेल्या कायद्याविषयी मी जे काही वाचलं आहे, त्यातलं बरंचसं मावशींच्या त्या शेवटच्या प्रश्नात मावतं.

आम्हा वकिलांना पहिल्या वर्षापासून एकच चाळणी हातात दिलेली असते: बंधनकारक आहे की नाही? नसेल तर बाजूला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे ठराव, जाहीरनामे, आयोगांच्या शिफारशी, मार्गदर्शक तत्त्वं, आपल्याच राज्यघटनेचा चौथा भाग (राज्याच्या धोरणाची निदेशक तत्त्वं), सगळं त्या बाजूच्या ढिगात. घटनेचं ३७ वं कलम तर स्वतःच सांगतं की या भागातली तत्त्वं कुठल्याही न्यायालयातून वसूल करता येणार नाहीत, आणि त्याच दमात म्हणतं की देशाच्या कारभारात ती मूलभूत आहेत. संविधान सभेत यावर टोमणे कमी झाले नाहीत. टी. टी. कृष्णमाचारींनी या भागाला भावनांची कचराकुंडी म्हटलं. के. टी. शहांना तो बँकेला परवडेल तेव्हाच वटणारा चेक वाटला. अशा टीकेला बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात आधीच उत्तर दिलं होतं: सत्तेवर येणाऱ्याला ही तत्त्वं मोडल्याबद्दल कोर्टापुढे उभं राहावं लागणार नाही कदाचित, पण निवडणुकीत मतदारांपुढे नक्की राहावं लागेल.

हे उत्तर मला निम्मंच पटतं. आमच्या जिल्ह्यातल्या निवडणुका मी जवळून पाहिल्यात. उसाच्या दरावर सभा गाजतात, टेंभू-म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पाण्यावर गाजतात. मिळकतीतली विषमता कमी करण्याचा यत्न राज्याने करावा, असं ३८ वं कलम सांगतं. ते हातात घेऊन उमेदवाराला अडवलेला मतदार मी अजून पाहिलेला नाही. त्या मतदाराला शेजारणीइतका जवळून जाब विचारता येत नाही, ही अडचण असावी.

पण राज्याने ग्रामपंचायती स्थापाव्यात असं सांगणाऱ्या ४० व्या कलमाचं पाहा. त्याच ४ नोव्हेंबरच्या भाषणात बाबासाहेबांनी खेड्याला संकुचितपणाचं डबकं ठरवून झोडपलं होतं आणि मसुद्यात ग्रामपंचायतींना जागाच नव्हती. २२ नोव्हेंबरला के. संथानम यांची दुरुस्ती आली, बाबासाहेबांनी ती स्वीकारली आणि पंचायती घटनेत शिरल्या. मात्र त्या याच 'वसूल न होणाऱ्या' भागात. पुढची चाळीसेक वर्षं पंचायती राज्यांच्या मर्जीवर राहिल्या. निवडणुका घेतल्या तर घेतल्या. पण दर वेळी कुणीतरी ४० व्या कलमाकडे बोट दाखवून विचारत राहिलं, आणि शेवटी पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती झाली, २४ एप्रिल १९९३ ला अमलात आली. वडगावच्या बायकांनी ज्या सभेत भोंग्याचा ठराव केला, त्या सभेचं आजचं घटनात्मक बळ अशा कलमातून आलं आहे, ज्याची अंमलबजावणी कोणतंही कोर्ट करू शकत नव्हतं.

युरोपात हाच प्रश्न एका माणसाच्या हातामुळे कोर्टात गेला. साल्वातोरे ग्रिमाल्दी हा बेल्जियममध्ये राबलेला इटालियन कामगार. बोटं तळव्याकडे आखडत जाण्याचा आजार त्याच्या हाताला जडला. हादरे देणाऱ्या यंत्रावरच्या कामामुळे हे झालं, तेव्हा हा व्यवसायजन्य रोग माना आणि भरपाई द्या, असं त्याचं म्हणणं. बेल्जियमच्या सरकारी निधीने यादी उघडून दाखवली: तुझा आजार यादीत नाही. ग्रिमाल्दीच्या बाजूने एकच आधार होता. युरोपीय आयोगाने १९६२ आणि १९६६ मध्ये सदस्य देशांना शिफारस केली होती की व्यवसायजन्य रोगांची एक सामाईक यादी स्वीकारा, आणि यादीबाहेरचा रोगही कामामुळेच झाल्याचं कामगाराने सिद्ध केलं तर त्याला भरपाई मिळू द्या. पण शिफारसच ती. युरोपीय समुदायाच्या करारातच लिहिलं होतं, आणि आजच्या कराराच्या २८८ व्या कलमातही आहे, की शिफारशी आणि अभिप्राय कुणालाही बांधत नाहीत.

ब्रसेल्सच्या कामगार न्यायालयाने प्रकरण लक्झेंबर्गला युरोपीय न्यायालयाकडे पाठवलं. १३ डिसेंबर १९८९ चा निकाल वरवर पाहता ग्रिमाल्दीच्या विरोधात वाटतो. शिफारशीतून नागरिकाला हक्क मिळत नाही, तो तिच्या जोरावर कोर्टात मागणी करू शकत नाही, असं न्यायालय म्हणालं. पण तिथेच थांबलं नाही. शिफारशीला कायद्याच्या दृष्टीने काहीच अर्थ नाही असंही मानता येणार नाही. देशातल्या न्यायालयांनी वाद सोडवताना ती विचारात घेतलीच पाहिजे, विशेषतः देशाच्या कायद्याचा अर्थ लावायला तिची मदत होत असेल तेव्हा. म्हणजे शिफारस पाळणं सक्तीचं नाही, तिच्याकडे पाहणं सक्तीचं. आमच्या बाररूममधल्या ज्येष्ठांना मी हा निकाल सांगितला तेव्हा एक जण म्हणाले, "ही काय कसरत? एक तर बांधा, नाहीतर सोडा." मला ती कसरत वाटत नाही. न्यायाधीशाने शिफारशीकडे पाहायचं ठरवलं की ती का नाकारली हे त्याला निकालपत्रात लिहावं लागतं, आणि लिहिलेल्या कारणावर अपील करता येतं. कोऱ्या नकारावर काय अपील करणार?

पुढे युरोपने याची रीतसर पद्धतच केली. बँकांवर देखरेख करणारा त्यांचा प्राधिकार मार्गदर्शक सूचना काढतो आणि प्रत्येक देशाच्या नियामकाने दोन महिन्यांत कळवायचं असतं: पाळणार की नाही, आणि नाही तर का. वडगावच्या शेजारणीचा प्रश्न, पण लेटरहेडवर.

माझ्या रोजच्या कामातलं याचं उदाहरण मला इतर सगळ्यांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असते, आणि तिच्यात एक सदस्य बाहेरचा लागतो. अशा एक-दोन समित्यांवर मी बसते. तक्रार आली की टेबलावर पहिल्यांदा व्याख्या उघडली जाते. नको असताना केलेला स्पर्श किंवा लगट, लैंगिक सुखाची मागणी, लैंगिक अर्थाची शेरेबाजी, अश्लील चित्रं दाखवणं, आणि अशा स्वरूपाचं कोणतंही नकोसं वर्तन, मग ते शब्दांतून असो वा न बोलता. ही यादी आली कुठून?

१९९२ मध्ये स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनासाठी असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने १९ वी सर्वसाधारण शिफारस काढली. ही समिती म्हणजे तेवीस तज्ज्ञ. तिच्या शिफारशी कुठल्याही देशाला बांधत नाहीत. स्पर्श आणि लगट, शेरेबाजी, अश्लील चित्रं, लैंगिक मागण्या ही ओळ त्या शिफारशीत आहे. ही समिती ज्या कराराखाली काम करते, तो मूळ करार भारताने १९९३ मध्ये मान्य केला, पण त्यासाठी इथे कायदा केला नव्हता. राजस्थानातल्या एका साथिनीवर (गावपातळीवरच्या सरकारी कार्यकर्तीवर), बालविवाह थांबवायचं तिचं सरकारी काम केल्याबद्दल, सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर महिला संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेवर १३ ऑगस्ट १९९७ ला विशाखा निकाल आला. न्यायालयापुढे कायदा नव्हता. त्यांनी मूलभूत हक्क घेतले, आंतरराष्ट्रीय कायद्याचा आदर करायला सांगणारं ५१ वं कलम घेतलं (तेही चौथ्या भागातलं, वसूल न होणारं), करार घेतला आणि त्या समितीची शिफारस घेतली. निकालात छळाची व्याख्या जवळजवळ त्या शिफारशीच्याच शब्दांत उतरली. सोळा वर्षांनी संसदेने कायदा केला, तेव्हा ती यादी कलम २ मध्ये आली.

समितीपुढे बसलेला एखादा अधिकारी "मी फक्त गंमत केली" म्हणतो तेव्हा मी ती ओळ त्याच्यापुढे ठेवते. एकवीस वर्षांत बंधन नसलेल्या शिफारशीचा असा कायदा झाला की त्याची नोकरी जाऊ शकते. ही वाटचाल आपोआप झाली, असं मात्र मी कुणाला म्हणू देणार नाही. मधल्या प्रत्येक टप्प्यावर बायका उभ्या राहून "का नाही?" विचारत होत्या. १९९७ ते २०१३ या काळात विशाखाच्या मार्गदर्शक सूचना कायद्याइतक्याच बंधनकारक आहेत असं न्यायालयाने सांगूनही किती कचेऱ्यांत समित्या नव्हत्या, हे त्या काळात वकिली केलेल्या कुणालाही विचारा.

हेरवाड आमच्या मिरजेच्या शेजारच्या शिरोळ तालुक्यात. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला: कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. पंधरवड्याच्या आत राज्याच्या ग्रामविकास विभागाचं परिपत्रक निघालं की इतर गावांनीही असं करावं. ना शिक्षा, ना मुदत. बऱ्याच गावांत ते कपाटात गेलं असणार. पण नवरा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी भावकीतल्या कुणी हात पुढे केला, तर "सरकारचं पत्र हाय" एवढं म्हणायला त्या बाईला काहीतरी मिळालं. आता कारण द्यायची पाळी हात पुढे करणाऱ्यावर येते.

निवडणुकीची आदर्श आचारसंहिता हा यातला सर्वांच्या ओळखीचा नमुना. १९६० च्या केरळच्या निवडणुकीत पक्षांनी आपसांत ठरवलेली, मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांच्या काळात दात आलेली, पण आजही संसदेने केलेला कायदा नसलेली. तारखा जाहीर झाल्या की सांगलीत कोनशिलांवर कागद चिकटतात आणि पुढाऱ्यांची नावं रातोरात झाकली जातात. २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने तिला कायद्याचं रूप द्यावं म्हटलं, तर आयोगच नको म्हणाला: निवडणूक काही आठवड्यांत संपते, खटला वर्षानुवर्षं चालतो.

आतापर्यंत मी बंधन नसलेल्या नियमांची बाजू घेतली. त्यांचं दुसरं रूपही मला पक्षकारांच्या पिशव्यांतून भेटतं. एका छोट्या उद्योजकाचा अर्ज एका कार्यालयाने परत केला. कायद्यात बसत होता, नियमांत बसत होता. "वरून सूचना आहेत." सूचना दाखवा म्हटलं, तर त्या अंतर्गत. आव्हान द्यावं म्हटलं, तर म्हणे ते बंधनकारक नाहीच, केवळ मार्गदर्शक. त्याला आव्हान कसलं? आमच्याकडे कायदा स्पष्ट आहे: १९६७ च्या संतराम शर्मा निकालापासून न्यायालयं सांगत आली आहेत की सरकारी सूचना नियमांतली मोकळी जागा भरू शकतात, नियमांना डावलू शकत नाहीत. पण त्यासाठी उच्च न्यायालयात रिट करावी लागते, कोल्हापूर नाहीतर मुंबई गाठावी लागते. तेवढं बळ त्या माणसात नव्हतं.

युरोपातही हे घडलं आहे. ऑनलाइन जुगारातल्या ग्राहकांना जपण्याबद्दल आयोगाने २०१४ मध्ये शिफारस काढली. बेल्जियमचं म्हणणं, शिफारशीच्या नावाखाली आयोग नसलेला अधिकार वापरतोय; ती रद्द करा. २० फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयाने सांगितलं की शिफारस कुणाला बांधत नाही, म्हणून ती रद्द करून मागता येत नाही. आता ग्रिमाल्दी आणि बेल्जियम शेजारी ठेवून वाचा. न्यायाधीशाने शिफारस विचारात घेतलीच पाहिजे. पण तिचा फटका बसणाऱ्या राज्याला तिच्यावर थेट दावा लावता येत नाही. प्रकरणाच्या ओघात दुसऱ्या वाटेने तिची तपासणी होऊ शकते हे खरं, पण ती वाट लांबची. बंधन नसणं हे ज्याच्या हातात सत्ता आहे त्यालाही सोयीचं असतं, हे मृदू कायद्याचे, म्हणजे अशा न बांधणाऱ्या नियमांचे, चाहते फार हळू आवाजात सांगतात.

म्हणून मी अशा पक्षकाराला आधी खटला सुचवत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या ४ थ्या कलमात एक दुर्लक्षित तरतूद आहे: प्रशासकीय निर्णयाची झळ ज्याला बसते, त्याला कारणं कळवणं हे प्राधिकरणाचं कर्तव्य आहे. त्या आधारे दोन ओळींचा अर्ज लिहायचा: कोणत्या सूचनेमुळे, आणि त्या सूचनेमागे कारण काय. कधी उत्तर येतं, कधी अर्जच मंजूर होऊन येतो. कधी दोन्ही नाही.

कृष्णेच्या बाबतीत मात्र एवढीही सोय नाही, आणि सांगलीकर म्हणून मला हे सर्वांत जास्त खुपतं.

१९६६ मध्ये हेलसिंकीत इंटरनॅशनल लॉ असोसिएशनची परिषद भरली. ही कायदेपंडितांची खासगी संघटना. तिचे ठराव बांधतील कुणाला? एकापेक्षा जास्त देशांतून वाहणाऱ्या नदीचं पाणी न्याय्य वाट्याने वापरायचं आणि तो वाटा ठरवताना खोऱ्याचा भूगोल, पाऊस, पूर्वीचा वापर, लोकसंख्या, पर्याय असं सगळं तोलायचं, हे हेलसिंकी नियम त्यांनी लिहून ठेवले. याच विषयावर संयुक्त राष्ट्रांचा रीतसर करार १९९७ मध्ये झाला. त्याच्या मतदानात भारत तटस्थ राहिला आणि करार लागू व्हायला २०१४ उजाडलं. तोवर खासगी संघटनेचे नियम जगभर वापरून वापरून रुळले होते. कावेरीच्या २०१८ च्या निकालात आपलं सर्वोच्च न्यायालय समन्यायी वाटपाची चर्चा करताना त्यांच्याकडे वळलं. कुणालाही न बांधणारे नियम असे आपल्या नद्यांपर्यंत येऊन पोहोचले.

पण हे सारं पाणी कमी पडतं तेव्हाचं. बच्छावत लवादाने कृष्णेचं २०६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी तीन राज्यांत वाटलं: महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्राला ८००. दुसऱ्या लवादाने २०१० मध्ये कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ पर्यंत न्यायला मुभा दिली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या आदेशामुळे तो निवाडा राजपत्रात प्रसिद्ध व्हायचा अडला. टीएमसीचा हिशोब इतका काटेकोर. पूर कुणी किती सोसायचा, याचा हिशोब मात्र या वाटपात नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर आधी बुडतात, ते बुडालेच. पाठोपाठ पेठेतही पाणी शिरलं. कोयनेतून किती सोडायचं, अलमट्टीतून किती, कधी, हे तेव्हा आणि आजही मुख्यतः मार्गदर्शक सूचना, अधिकाऱ्यांच्या बैठका आणि फोनवर चालतं. जून २०२१ मध्ये जयंत पाटील जलसंपदामंत्री असताना समन्वयासाठी बंगळूरला जाऊन येडियुरप्पांना भेटले. महिनाभराने पुन्हा महापूर आला.

पूररेषेचंही तसंच. पूरमैदानातल्या बांधकामावर कायदा करा म्हणून केंद्राने १९७५ मध्ये राज्यांना नमुना विधेयक पाठवलं. मणिपूर, राजस्थान अशा मोजक्या राज्यांनी कायदा केला, महाराष्ट्राने नाही. का नाही, हे कुणी कुणाला लेखी सांगितल्याचं माझ्या वाचनात नाही. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीच्या फुगवट्याला (धरणामुळे मागे तुंबणाऱ्या पाण्याला) दोषमुक्त केलं, अतिक्रमणांकडे बोट दाखवलं. सांगलीत अनेकांना हे पटलेलं नाही. मला त्या वादात कौल द्यायचा नाही, ते जलतज्ज्ञांचं काम. मला हवं आहे ते फार थोडं. धरणाची पातळी दगडावर कोरून देऊ नका, पाऊस कुणाच्या नियमाने पडत नाही. पण जुलै-ऑगस्टच्या ज्या दिवशी ठरलेल्या सूचनेपेक्षा वेगळं पाणी साठवलं किंवा सोडलं, त्या दिवशी का, ते दोन्ही राज्यांनी एकमेकांना आणि आम्हाला लिहून कळवावं.

बारमध्ये हे बोलले, तर एका तरुण वकिलाने विचारलं, "मॅडम, ही मागणी आपण लावायची कुठं?" आम्ही दोघांनी १९५६ चा आंतरराज्य नदी पाणी तंटा कायदा उघडला. ३ ऱ्या कलमाप्रमाणे केंद्राकडे तक्रार फक्त राज्य सरकार करू शकतं. लवादाकडे जाऊ शकेल अशा तंट्यात इतर न्यायालयांना दार बंद आहे, ११ वं कलम. राज्य सरकारला तशी तक्रार करायला लावण्यासाठी काय करता येईल, ते तो आता शोधतो आहे.